माझा गुरुवारचा श्रोता

३ सप्टेंबर, मंगळवार

पोहोचलो. एक बॅग पोहोचली नाही, ती नेमकी माझी. हिच्या दोन्ही आल्या. प्रवचनांच्या फायली मी हातातल्या पिशवीत ठेवल्या होत्या, म्हणून मिशनचं नुकसान टळलं. कपड्यांचं काय, कपडे कुठेही मिळतात.

मिशनच्या प्रमुख बाई विमानतळावर आल्या होत्या. वयाने आमच्या लेकीएवढ्या. इंग्रजी छान बोलतात. त्यांनी पुढे होऊन माझ्या हातातली पिशवी घेतली, हिच्या हातातली नाही. पहिल्याच दिवशी एवढा मान. ही म्हणते, तुम्ही धापा टाकत होता म्हणून घेतली.

फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, पण ती तिच्या मर्जीची मालकीण. दोन खोल्या, स्वयंपाकघर, खिडकीशी एक टेबल. टेबल मी अभ्यासाला घेतलं. हिने विचारलं, मग जेवायचं कुठे. म्हटलं, बघू.

संकल्प: रोज पहाटे पाचला उठणे. इथली भाषा तीन महिन्यांत बोलणे आणि सहाव्या महिन्यात त्याच भाषेत प्रवचन देणे. गोड पूर्ण बंद. दीड वर्षाने आम्ही निघू तेव्हा लोक निरोप द्यायला रस्त्यावर उभे राहतील, असं काम करायचं. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालो तेव्हा जावई म्हणाले होते, आता आराम करा. आराम माझ्या स्वभावात नाही.

४ सप्टेंबर

नऊला उठलो. जगात कुठे ना कुठे पाच वाजलेच असतील.

६ सप्टेंबर

आज कामाचं वाटप झालं. मला वाटलं होतं, प्रवचनं, निदान अभ्यासवर्ग. बाईंनी गोदाम दिलं. चर्चच्या तळघरात लोकांनी दिलेले जुने कपडे येतात, ते लावायचे आणि गरजूंना द्यायचे. बाई म्हणाल्या, तुमचा पार्सल ऑफिसातला अनुभव इथे फार कामाला येईल. म्हणजे माझी माहिती त्यांनी बारकाईने वाचलेली आहे. पायापासून सुरुवात करायची, कळस नंतर. मी समजून घेतलं.

ही तीस वर्षं शाळेत शिवण शिकवायची. तिला कोपऱ्यातल्या शिलाई मशीनवर बसवलं आहे. बटणं लावायची, चेन दुरुस्त करायची. बरं झालं, तिचाही वेळ जाईल.

८ सप्टेंबर, रविवार

उपासनेनंतर आमची ओळख करून दिली. सगळ्यांना वाटलं होतं मी इंग्रजीत बोलेन. मी उठलो आणि इथल्या भाषेत बोललो. दोन दिवस आरशासमोर पाठ केलं होतं. "तुमच्यामध्ये येऊन मला आनंद झाला आहे," एवढंच, पण ठासून. परिणाम विलक्षण. पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी रुमाल डोळ्यांना लावले. पाळकसाहेबांचे खांदे हलत होते.

संध्याकाळी बाईंनी हळूच सांगितलं की मी वापरलेला शब्द आनंदाचा नव्हे, तो दुधाच्या पाकिटावर असतो. तुमच्यामध्ये येऊन माझी मुदत संपली आहे, असं मी म्हणालो.

विचार केला. जुना माणूस संपला, नवा उभा राहिला. अर्थ खोल आहे. पुढे वापरता येईल.

१२ सप्टेंबर

कोपऱ्यावरच्या बेकरीत इथल्या भाषेत पाव मागितला. बेकरीवाल्याने मेणबत्त्यांचं पाकीट दिलं. माणूस जरा कमी ऐकतो. मग ही पुढे झाली आणि चक्क मराठीत म्हणाली, ताजा दे रे बाबा, कालचा नको. तो आत गेला आणि भट्टीतला गरम पाव घेऊन आला. वर हिला वाकून काहीतरी म्हणाला, हीसुद्धा त्यावर हसली.

भाषेचा अभ्यास न करता असं वागणं मला पसंत नाही. पाव चांगला होता.

१७ सप्टेंबर, सकाळी ६

आज पाचला उठलो. संकल्प म्हणजे संकल्प. खिडकी उघडून मोठ्याने स्तुतिगीत म्हटलं. पहिलं कडवं संपतं न संपतं तोच खालून ठक, ठक, ठक. कोणीतरी काठीने ताल धरला होता. दुसऱ्या कडव्याला लय वाढली. या इमारतीत संगीताची जाण असलेलं एक तरी माणूस आहे. मीही आवाज चढवला.

तोच दिवस, संध्याकाळ

ताल धरणारे गृहस्थ सकाळीच वर आले होते. आमच्या खालच्याच मजल्यावर राहतात. माझ्याच वयाचे, पण खचलेले. एकटे असतात. हातात ती काठी. चेहरा लाल, आणि दारातच बराच वेळ बोलले. भाषा कळली नाही, पण भावना पोहोचली. मी त्यांना मिशनचं एक पत्रक दिलं. त्यांनी पत्रकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पत्रकाकडे पाहिलं. एवढ्या गंभीरपणे पत्रक पाहणारा माणूस मी आजवर पाहिला नाही.

हिने त्यांना आत बसवून चहा दिला आणि माझ्याकडे बोट करून, कानावर हात ठेवून, मग दोन्ही हात जोडून काहीतरी खाणाखुणा केल्या. ते एकदम शांत झाले. जाताना हसलेसुद्धा. हिचं म्हणणं, आता गाणं आठनंतर आणि खिडकी लावून. कलेला वेळेचं बंधन घालणं मला जमत नाही, पण घरात वाद नकोत.

त्यांना मी काठीवाले म्हणतो.

२५ सप्टेंबर

गेल्या आठवड्यात लिफ्ट मधेच बंद पडली. आत मी आणि पाचव्या मजल्यावरच्या बाई, हातात भाजीच्या पिशव्या. अशी संधी पुन्हा येत नाही. हळूहळू, सोप्या शब्दांत, थेट सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरुवात केली. दार उघडलं तेव्हा मी जलप्रलयापर्यंत आलो होतो. बाई पिशव्यांसकट जवळजवळ पळतच गेल्या.

हल्ली त्या जिन्यानेच चढतात. पाच मजले. तब्येतीची काळजी घेणाऱ्या दिसतात.

४ ऑक्टोबर

गोदामाची अवस्था बघवत नव्हती. सदरे सदऱ्यांत, कोट कोटांत, असे नुसते ढीग. ज्याला जे हवं ते तो उचलून नेतो. याला का व्यवस्था म्हणायचं? पार्सल ऑफिसची पद्धत आजपासून लागू. प्रत्येक कपडा कागदात बांधायचा, वर चिठ्ठी, चिठ्ठीवर कोणाकडून आला, कधी आला, कुठल्या फळीवर गेला. महिनाभराचं काम आहे. हिला मदतीला बोलावलं तर म्हणाली, माझ्याकडे रांग आहे. खरंच होती. बटणं लावून घ्यायला माणसं रांग लावतात, वचन ऐकायला लावत नाहीत. जगाची रीत.

२० ऑक्टोबर, रविवार

लेकीशी व्हिडिओवर बोललो. तिने विचारलं, बाबा, करमतं का तिथे. म्हटलं, करमायला वेळ कुठे आहे? आई काय करते, म्हणाली. म्हटलं, शिवत असते.

गोड बंदच आहे. बेकरीत जातो तो चिंतनासाठी. बसायचं तर काहीतरी घ्यावं लागतं, दुकानदाराचंही पोट आहे.

१८ नोव्हेंबर

अचानक कडाक्याची थंडी पडली. सकाळी गोदाम उघडायच्या आधीच दाराशी गर्दी. सगळ्यांना कोट हवेत. पद्धतीची परीक्षा होती ही. पद्धत चोख होती. फक्त सगळं कागदात बांधलेलं असल्यामुळे आत काय आहे ते दिसत नव्हतं, आणि चिठ्ठीवर कपड्याचं नाव लिहायचं राहिलं होतं. बाकी सगळं लिहिलं होतं. दोन लेकरांना घेऊन आलेल्या एका बाईला मी अंदाजाने एक मोठं पार्सल दिलं. आत पडदे निघाले. तिने ते तिथेच पोरांना गुंडाळले.

तेवढ्यात ही मशीन सोडून उठली. रांगेतल्या बायकांना हाताने बोलावलं, सगळ्यांनी मिळून टराटरा कागद फाडले आणि बाकांवर कोट मांडले. लहान, मधले, मोठे. दुपारपर्यंत एकही माणूस गारठलेला परत गेला नाही.

तात्पुरती सोय म्हणून ठीक आहे. पद्धत म्हणून शून्य.

२० नोव्हेंबर

माझी बढती झाली. गोदामातून थेट जनसंपर्क. दारात उभं राहून येणाऱ्यांचं स्वागत करायचं. बाई म्हणाल्या, तुमच्यासारखा बोलका माणूस आत वाया जातो.

२१ नोव्हेंबर

लोक मागच्या दाराने यायला लागले आहेत. तिकडून बसस्टॉप जवळ पडत असावा.

२२ नोव्हेंबर

बाईंनी आज मला आणि हिला ऑफिसात बोलावलं. चहा, बिस्किटं. बाईंनी विचारलं, तुम्हाला इथे एकटं वाटतं का? मी म्हटलं, पुढारी नेहमीच एकटा असतो. त्यांनी पुन्हा विचारलं, घरची आठवण येते का, लवकर परत जावंसं वाटतं का, तसं असेल तर मोकळेपणाने सांगा, व्यवस्था करता येईल. माझ्या निष्ठेची परीक्षा घेत होत्या, हे मला लगेच कळलं. म्हटलं, अर्धवट सोडून जाणाऱ्यांतला मी नव्हे. बाईंनी हिच्याकडे पाहिलं. ही जमिनीकडे पाहत होती.

मग त्यांनी विचारलं, तुम्हाला नेमकं काय मिळालं तर बरं वाटेल? प्रश्न आवडला. अशी विचारपूस वरिष्ठांनी केली पाहिजे. मी म्हटलं, मला फार काही नको. आठवड्यातून एक तास शांतपणे ऐकणारा एक माणूस द्या, मग बघा. बाईंनी वहीत काहीतरी टिपलं. मग म्हणाल्या, बघते.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

प्रभूची करणी. आज चार वाजता दारावर टकटक. बघतो तर काठीवाले. केस चापून बसवलेले, कोटाची सगळी बटणं लावलेली. बोलावणं नाही, आमिष नाही, आपल्या पायांनी तिसरा मजला चढून आले. खुर्चीत बसले, काठी आडवी ठेवली, आणि हातानेच खूण केली: बोला.

मी बोललो. थोडं इथल्या भाषेत, थोडं इंग्रजीत, रंगात आल्यावर मराठीत. एक चुळबूळ नाही. बघता बघता त्यांचे डोळे मिटले, श्वास संथ झाला. ध्यान लागणं म्हणतात ते हेच. इतकी वर्षं आपल्या मंडळीत प्रवचनं केली, असं खोल ध्यान कोणाचं लागलं नाही. आपल्याकडे लोक घड्याळं बघायचे.

मी पाणी प्यायला थांबलो, तसे त्यांनी डोळे उघडले. तास झालाच होता. हात मिळवला आणि गेले.

बाईंना सांगायला गेलो तर त्या म्हणाल्या, हो का, छान झालं. आश्चर्य लपवत होत्या.

५ डिसेंबर, गुरुवार

पुन्हा आले. आज बरोबर एक पुस्तक आणलं होतं. लहान मुलांचं, रंगीत चित्रांचं. बिचारे. वाचनाची गोडी या वयात लागली असेल, तर सुरुवात चित्रांपासूनच करावी लागणार. गाईच्या चित्रावर बोट ठेवून शब्द उच्चारला आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांना धीर यावा म्हणून मीही तोच शब्द उच्चारला. केवढा आनंद झाला त्यांना. पुन्हा म्हणाले, मीही पुन्हा म्हटलं. दार, पूल, ढग, असं करत पाच-सहा पानं झाली. मी एखादा शब्द चुकवला की ते हसून मान हलवायचे आणि तो पुन्हा म्हणून दाखवायचे. चिकाटी आहे माणसात. शिष्य असा हवा.

उरलेल्या वेळात मी बोललो, त्यांनी ध्यान केलं.

१९ डिसेंबर, गुरुवार

चित्रांची प्रगती चांगली आहे. आज त्यांनी अख्खं वाक्य म्हटलं, मुलगा पुलावरून घरी जातो. मी त्यांच्याबरोबर म्हटलं, मग त्यांनी मला एकट्याला म्हणायला लावलं. बहुधा उच्चार ऐकून घ्यायचा असावा. मग माझी पाठ थोपटली. कृतज्ञता दाखवायची त्यांची रीत जरा वेगळी आहे.

ही भांडी घासत होती. पाठमोरीच म्हणाली, अहो, पण यात शिकवतंय कोण? मला हसू आलं. बायकांना वरवरचं तेवढं दिसतं.

९ जानेवारी, गुरुवार

आज काठीवाल्यांना बाहेर जायचं होतं. माझ्या कोपराला धरून बाजारात घेऊन गेले. कांदेवालीसमोर उभे राहिले आणि मला कोपराने ढोसलं. एकदम लक्षात आलं: यांना माणसांशी बोलायची भीती वाटते. एकटं राहून राहून होतं असं. मी पुढे झालो आणि त्यांच्या वतीने अर्धा किलो कांदे मागितले. कांदेवालीने कांदेच दिले. काठीवाल्यांनी काठी बगलेत मारून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. मला जरा संकोच वाटला, पण त्यांची भीड चेपली हे महत्त्वाचं.

घरी येऊन कळलं, पैसे त्यांनी दिले आणि कांदे आमच्याच पिशवीत राहिले.

१९ जानेवारी, रविवार

लेकीला सांगितलं, इथे एक माणूस पूर्ण हातात आला आहे. उरलेले हळूहळू. ती म्हणाली, आईने शिवणाचा वर्ग काढलाय म्हणे, फोटो पाहिले. म्हटलं, वर्ग कसला, दुपारी बायका जमतात. टेबलावर कापडं, जमिनीवर कापडं, मला प्रवचन लिहायला न्हाणीघरात बसावं लागतं. सगळ्या आपापल्या भाषेत बोलतात आणि सगळ्या हसतात.

सहाव्या महिन्यातलं प्रवचन जवळ आलं आहे. विषय ठरला: मुदत.

१० फेब्रुवारी

मोठी बातमी. मिशनचा वार्षिक मेळावा बावीस तारखेला. त्यात गावातल्या एका माणसाने साक्ष द्यायची असते, म्हणजे या सेवेमुळे आपल्या आयुष्यात काय बदललं ते सगळ्यांसमोर सांगायचं. या वर्षी कोण? काठीवाले. त्यांनी स्वतः होऊन नाव दिलं, असं बाई म्हणाल्या. मी हात जोडून वर पाहिलं. माझ्या प्रवचनाचं विचारलं, तर म्हणाल्या, यंदा वेळ कमी आहे. हरकत नाही. प्रवचन कशाला, साक्षच बोलेल.

साक्ष झाल्यावर मला दोन शब्द बोलावे लागतील. तयारी सुरू केली. मुद्दा एकच: मी निमित्तमात्र. हे म्हणताना आवाज थोडा कापायला हवा.

२१ फेब्रुवारी

कोटाला इस्त्री केली. लेकीला सांगितलं की फोनवर थेट दिसणार आहे, जावयांनाही बसव, विहीणबाईंनाही सांग. हिने विचारलं, आपण जरा मागच्या रांगेत बसू या का? मी म्हटलं, पुढून उठायला सोपं पडतं. माझ्या कोटाच्या बाहीवरचा नसलेला धागा काढत राहिली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

लिहायचं नव्हतं. पण सवय आहे.

हॉल भरलेला. पहिल्या रांगेत मी. काठीवाले व्यासपीठावर उभे राहिले, बाई शेजारी, वाक्यागणिक इंग्रजी करून सांगायला. काठीवाले म्हणाले, माझी बायको गेल्यापासून मी माणसांत येणं सोडलं होतं. दार लावून बसायचो. मग या बाई एक दिवस आल्या आणि म्हणाल्या, वरच्या मजल्यावर एक परदेशी म्हातारा आहे.

इथे मी अर्धा उठलो. मागे वळून किंचित मान लववली.

"तो फार एकटा आहे," बाई भाषांतर करत होत्या, त्यांचा आवाज बारीक होत चालला होता. "त्याचं ऐकायला कोणी नाही. तुम्ही आठवड्यातून एक तास त्याच्याकडे जाल का? मला वाटलं, मला कोणाची समजूत घालता येत नाही, पण ऐकता येईल. म्हणून जातो. तो काय बोलतो ते मला कळत नाही. तरी जातो. आता मी त्याला आमची भाषा शिकवतोय. आमच्या चर्चमध्ये तो पहिल्यांदा काय बोलला होता ते माझ्या कानावर आलंय. त्यापेक्षा आता खूप सुधारणा आहे. गेल्या महिन्यात त्याने एकट्याने कांदे मागितले."

टाळ्या. हॉल उठून टाळ्या वाजवत होता. मी आधीच उभा होतो. अर्धा. ना खाली बसता येत होतं, ना सरळ होता येत होतं. काठीवाले व्यासपीठावरून माझ्याकडे हात करून हसत होते, एखादा बाप शाळेच्या स्टेजवरच्या मुलाकडे बघून हसतो तसे.

हिने खालून माझा कोट ओढला, तेव्हा बसलो.

दोन शब्द बोलायला कोणी बोलावलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

उपासनेला गेलो नाही. डोकं दुखत होतं. बाईंचं भाषांतर मुळात ढिसाळ आहे. शब्दाला शब्द लावला की अर्थ हरवतो.

लेकीचा फोन. तिने सगळं पाहिलं होतं, जावयांनी, विहीणबाईंनीही. त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. बाबा, जेवलात का, एवढंच विचारलं. दोनदा. त्यावरूनच काय ते कळलं.

२५ फेब्रुवारी

अजून डोकं. बाई भेटायला आल्या, मी झोपलो होतो. म्हणजे डोळे मिटून पडलो होतो. त्या हिला सांगत होत्या, तुमच्या वर्गासाठी मोठी खोली बघितली आहे. आणि जमलं तर दीड वर्षानंतर आणखी एक वर्ष थांबाल का? जाताना म्हणाल्या, साहेबही राहू शकतात अर्थात.

अर्थात.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

निर्णय: आजपासून गुरुवार बंद. कोणाच्या समाजसेवेचा विषय व्हायला मी इथे आलेलो नाही. चारच्या आधीच कपडे धुवायच्या निमित्ताने आमच्या इमारतीच्या तळघरातल्या मशीनपाशी जाऊन बसलो. मशीनमध्ये काय टाकलं ते पाहिलं नाही. हिचा लाल स्वेटर आणि माझे सदरे. आता सदरे गुलाबी आहेत.

साडेपाचला वर आलो. काठीवाले येऊन गेले होते. हिने त्यांना खुणेने सांगितलं की मी घरी नाही. तरी बसले. माझ्या रिकाम्या खुर्चीसमोर तास पूर्ण केला आणि गेले.

मी म्हटलं, बरं झालं, त्यांचा तास भरला, पुण्य पदरात पडलं. ही शिवत होती. सुई थांबवली. इतक्या वर्षांत ही माझ्याशी आवाज चढवून बोललेली नाही, आजही चढवला नाही.

"त्या माणसाला बायको गेल्यापासून घरी झोप लागत नाही," ती म्हणाली. "रात्र रात्र खिडकीत बसतो. इथे तुमच्यासमोर बसला की त्याला झोप लागते. आज जागाच बसला होता. या गावात एवढं एक काम तुमच्या हातून होत होतं, तेही सोडून द्या."

मी विचारलं, हे तुला कोणी सांगितलं. म्हणाली, त्यांनीच, कोटाचं अस्तर शिवून घ्यायला आले होते तेव्हा. त्यांच्यापुढे मराठी बोलणारी ही, आणि त्यांची भाषा हिला येत नाही. कोण कसं काय सांगतं देव जाणे.

म्हणजे ते ध्यान नव्हतं.

जेवलो नाही. म्हणजे थोडं जेवलो.

६ मार्च, गुरुवार

ठरवलं, दार उघडायचं. आणि दुसरं ठरवलं: आज आपण एक शब्द बोलायचा नाही. आज त्यांनी बोलायचं, मी ऐकणार. इतके दिवस त्यांनी माझं ऐकलं. माणसाने फेड करावी. हा नवा संकल्प, आणि हा पाळायचाच.

चारला आले. गुलाबी सदऱ्याकडे पाहिलं. बसले, काठी आडवी ठेवली, हाताने खूण केली. मी मान हलवली आणि उलट त्यांनाच खूण केली: तुम्ही बोला. ते थांबले. मी थांबलो. त्यांनी पुन्हा खूण केली, मी ओठांवर बोट ठेवलं. त्यांचा चेहरा उतरला. उठून माझ्या कपाळाला हात लावला. मग नाडी पाहिली. मी हसून दाखवलं, तर आणखीच घाबरले. काठी तिथेच टाकून दाराबाहेर गेले.

थोड्या वेळाने परत आले ते पाचव्या मजल्यावरच्या बाईंना घेऊन. त्या दवाखान्यात काम करतात हे मला आज कळलं. त्यांनी दारातून आधी कानोसा घेतला. शांतता पाहून आत आल्या, माझे डोळे पाहिले, जीभ बाहेर काढायला लावली, दोन्ही हात वर करायला सांगितले. तेवढ्यात प्रमुख बाईंचा फोन, काठीवाल्यांनी त्यांनाही कळवलं होतं. गाडी काढून निघाल्याच होत्या. मला घरी परत पाठवायची वेळ आली का, असं हिला विचारत होत्या.

ही स्वयंपाकघराच्या दारात पदराने हात पुसत उभी होती.

"बोला हो काहीतरी," ती म्हणाली. "माणसं घाबरलीत."

मग बोललो. काय बोलावं सुचेना, म्हणून पार्सल ऑफिसात एकदा बकरी बुक झाली होती आणि तिने पावती खाल्ली, ते सांगितलं. मराठीत. पाचव्या मजल्यावरच्या बाईंनी सुटकेचा श्वास सोडला आणि लगबगीने जिन्याकडे निघाल्या. काठीवाल्यांनी फोनवर प्रमुख बाईंना दोन शब्दांत काहीतरी सांगितलं. मला आता तेवढं कळतं. तो बोलतोय, असं सांगितलं.

फोन ठेवून ते खुर्चीत टेकले. मी बकरीवरून मालगाडीवर आलो, मालगाडीवरून स्टेशन मास्तरांच्या मेहुण्यावर. खरं तर प्रवचन तयार होतं, पण मेहुण्याला सोडून मधेच तिकडे वळणं बरं दिसलं नसतं. त्यांची मान हळूहळू छातीवर आली. तोंड किंचित उघडं पडलं. तास झाला. मेहुणा संपला. सांगण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा स्टेशनांची नावं सांगायला लागलो, एकामागून एक. हिने दिवा लावला आणि माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला.

घशाला कोरड पडली होती. पण मी पेल्याला हात लावला नाही. थांबलं की ते जागे होतात.